पेटीतला पैसा आणि रावळपिंडीचा दवाखाना

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



पन्नास वर्षांत ह्या देवळाने किती बाप्तिस्मे, किती लग्ने आणि किती प्रेतयात्रा पाहिल्या, ह्याचा हिशेब आमच्यामागून बोलणारे वक्ते आपल्याला देणारच आहेत. तो मान त्यांचाच आहे, कारण आम्ही येथे येऊन अवघी सहा वर्षे झाली. आम्ही बोलणार आहोत ते एका लाकडी पेटीविषयी. संत योसेफाच्या वेदीजवळ, डाव्या अंगाला, ती भिंतीत खिळलेली आहे. तिची फट इतकी अरुंद आहे की नोटेची चार वेळा घडी केल्यावाचून ती आत जात नाही. आणि म्हणूनच की काय, पुष्कळ वर्षे तिच्यात नाणीच पडत आली. रौप्यमहोत्सवाच्या वर्षी आमच्या पूर्वाधिकाऱ्यांनी ती बसविली आणि दूरदेशीच्या गरीब खेड्यांतील मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळावे ह्यासाठीच तिच्यातील पैसा खर्च व्हावा, असे लिहून ठेवले. तिचा कारभार पाहणाऱ्या चार-पाच माणसांना आपण 'पेटीची मंडळी' म्हणता. ह्या मंडळीला कचेरी नाही, शिक्का नाही. एक जाड पुठ्ठ्याची वही आहे, एवढेच.

ह्या वर्षी पेटी उघडली तेव्हा मागील शिल्लक धरून एका मुलीच्या तीन वर्षांच्या शिक्षणापुरती रक्कम भरली. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेतील एका खेड्यात दवाखाना चालविणाऱ्या धर्मभगिनींचे पत्र आले. त्यांच्याकडे एक अठरा वर्षांची मुलगी आहे. शाळेची परीक्षा ती चांगल्या रीतीने उतरली आहे, परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेण्याची तिची इच्छा आहे, आणि शिकून झाल्यावर त्याच दवाखान्यात काम करण्यास ती राजी आहे. पत्र आले त्याच आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि आपल्या देवळाची पडवी गळू लागली.

पुढे काय झाले ते आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. महोत्सवाच्या बैठकीत आमच्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी उठून सांगितले, "फादर, आधी आपलं घर शाकारू, मग शेजाऱ्याचं बघू." बैठकीतील बहुतेक माना हलल्या. ह्या बंधूंनी लहानपणी ह्याच देवळाच्या पायासाठी डोक्यावरून दगड वाहिले आहेत. त्यांच्या बोलण्यात कृपणता नव्हती, घराची माया होती, हे आम्ही जाणतो. त्या दिवशी आम्ही काही उत्तर दिले नाही. आज देत आहोत, आणि ते धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून न देता एका हकीकतीच्या रूपाने देत आहोत.

स्कॉटलंड देशातील एडिनबरा शहरी १८३७ साली ॲग्नेस मॅक्लॅरन नावाची मुलगी जन्मली. तिचे वडील पुढे पार्लमेंटचे सभासद झाले. घर प्रॉटेस्टंट आणि सुखवस्तू होते. त्या काळी तेथील विद्यापीठे मुलींना वैद्यकीची पदवी देत नसत. १८६९ पासून एडिनबरा येथे सात जणींनी ह्यासाठी मोठा झगडा केला. त्यांपैकी एडिथ पेची ह्या १८८३ साली आपल्या मुंबईस आल्या आणि बायकांसाठी निघालेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. त्या झगड्याच्या पाठीराख्यांत ॲग्नेसबाई होत्या. आपल्या गावी दार बंद आहे असे पाहून त्या फ्रान्स देशातील माँपेलिए येथे गेल्या आणि तेथे १८७८ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. पुढे त्यांनी फ्रान्समध्येच व्यवसाय केला. १८९८ साली, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. ज्या वयात माणसे मुलासुनांवर कारभार सोपवून जपमाळ हाती घेतात, त्या वयात ह्या बाईंचे खरे काम सुरू झाले.

हिंदुस्थानच्या वायव्य भागात, रावळपिंडीच्या बाजूला, मिल हिलचे मिशनरी काम करीत होते. तिकडील गोषातील स्त्रिया परपुरुषाला तोंडही दाखवीत नसत. मग पुरुष डॉक्टरपुढे नाडी कोठून धरणार? बाळंतपणात अडलेली बाई तशीच तळमळून प्राण सोडी. दवाखाना गावात असून तिच्या उपयोगाचा नसे. ही हकीकत ॲग्नेसबाईंच्या कानावर गेली. त्यांनी लंडन येथे एक लहानशी समिती उभी करून पैसा जमविला आणि रावळपिंडी येथे बायका व मुले ह्यांच्यासाठी संत कॅथरीनच्या नावाने एक रुग्णालय काढविले. १९१० च्या सुमारास, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्या स्वतः बोटीने हिंदुस्थानात येऊन ते पाहून गेल्या.

दगडविटांचे काम झाले, खाटा आल्या, शुश्रूषेला धर्मभगिनी आल्या. डॉक्टर मात्र टिकेना. एखादी स्त्री-डॉक्टर येई, काही काळ राही, आणि तब्येतीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने निघून जाई. दानधर्माच्या कामात वारंवार आढळणारी गोष्ट ही अशी आहे: इमारतीला देणगीदार मिळतो, कारण इमारतीवर नावाची फरशी बसविता येते, माणूस तयार करण्याला मिळत नाही.

ॲग्नेसबाईंना वाटले की आयुष्य वाहून घेतलेल्या धर्मभगिनीच डॉक्टर झाल्या तर हे काम टिकेल. पण येथे ख्रिस्तसभेचाच नियम आड येत होता. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना रक्त काढणारी शस्त्रक्रिया करण्याची मनाई केली होती. काळाच्या ओघात वैद्यकी, आणि विशेषेकरून बाळंतपणाचे काम, हे व्रतस्थांना वर्ज्यच ठरून गेले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही परमपीठाच्या विशेष परवानगीवाचून वैद्यकी करण्याची मोकळीक नव्हती. ज्यांनी नियम केले त्यांनी आपल्या काळच्या गरजा पाहून केले, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि ते खरेच आहे. तरी पण आत एक बाई अडली आहे, दाराशी मठवासिनी उभी आहे, आणि नियमामुळे तिला आत जाता येत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आणिले म्हणजे आम्हांलाही अवघडल्यासारखे होते. ॲग्नेसबाई रोमला पुन्हा पुन्हा गेल्या, विनंत्या केल्या, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाती परतल्या. त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही की आपली मागणीही सोडली नाही.

अशा वेळी त्यांना एका अनोळखी मुलीचे पत्र आले. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील श्टेग नावाच्या डोंगरी गावची ही मुलगी, नाव आना डेंगेल, जन्म १८९२ चा. ती फ्रान्समध्ये लियाँ येथे जर्मन भाषा शिकवीत असता ॲग्नेसबाईंच्या कामाची माहिती तिला कळली आणि तिने पत्र धाडले. ॲग्नेसबाईंनी उलट टपाली जे लिहिले ते अगदी व्यवहाराचे होते: हिंदुस्थानात डॉक्टरी करायची तर ब्रिटिश राज्यातील पदवी पाहिजे, करिता आयर्लंडमध्ये कॉर्क येथे जाऊन शीक. दोघींची गाठ कधी पडली नाही. पत्रे थोडीच झाली, आणि १९१३ च्या एप्रिल महिन्यात १७ तारखेला ॲग्नेसबाई वारल्या. आनाने अजून शिक्षणास नीट प्रारंभही केला नव्हता. नियम बदलला नव्हता, रुग्णालयाला डॉक्टर टिकत नव्हता. कोणी त्या दिवशी हिशेब मांडला असता तर त्यांच्या साऱ्या खटपटीपुढे शून्यच लिहावे लागले असते.

आना कॉर्कला गेली. महायुद्ध पेटले, ती शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली, तरीही चिकाटीने १९१९ साली डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीस जाऊन पोहोचली. तेथे तिने चार वर्षे काढिली. त्या चार वर्षांत तिला पक्के कळून चुकले की एकट्या डॉक्टरने, ती कितीही राबली तरी, हा डोंगर उपसणार नाही. पाहिजे ती संस्था. १९२५ साली सप्टेंबरच्या ३० तारखेला अमेरिकेत वॉशिंग्टन येथे तिने वैद्यकीय मिशनच्या भगिनींचा संघ स्थापिला. त्या दिवशी संघात किती जणी होत्या? चार. दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका. नियमामुळे त्यांना मठव्रते जाहीरपणे घेता येईनात. त्या मठवासिनींप्रमाणे राहत आणि नावापुरत्या प्रापंचिक म्हणवीत, अशी दहांहून अधिक वर्षे गेली. शेवटी १९३६ च्या ११ फेब्रुवारीस, लूर्दच्या मातेच्या सणाच्या दिवशी, परमगुरु अकरावे पायस ह्यांच्या कारकिर्दीत रोमहून आदेश निघाला आणि धर्मभगिनींना वैद्यकी व बाळंतपण ही कामे करण्याची मोकळीक मिळाली. ॲग्नेसबाईंच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ तेवीस वर्षे झाली होती.

रावळपिंडीस ह्या संघाने उभारलेले पवित्र कुटुंबाचे रुग्णालय पुढे पाकिस्तान सरकारच्या हाती गेले, पण त्याच नावाने आजही चालू आहे. दिल्लीस आणि पाटण्यासही त्यांची कामे झाली. रुग्णालयाबरोबर परिचारिकांची शाळा काढावी, त्या त्या देशाच्या मुली तयार कराव्या, असा त्यांचा शिरस्ता होता. आना डेंगेल १९८० साली रोममध्ये वारल्या. तीही तारीख १७ एप्रिलच होती. आम्ही ह्यात चमत्कार पाहत नाही, पण पंचांगात ती तारीख आली म्हणजे दोघींसाठी मिस्सेत एक प्रार्थना म्हणतो.

आता छापील कागदाची एक गोष्ट सांगतो, कारण आपण हे भाषण महोत्सवाच्या पुस्तिकेत छापणार आहात आणि अशी पुस्तके कोण वाचतो, असे आपल्यातल्याच एकाने विचारले होते. ॲग्नेसबाईंच्या चरित्राचे एक लहानसे चोपडे १९१५ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी मेरी ग्लाऊरी नावाच्या एका तरुण डॉक्टरणीच्या हाती पडले. हिंदुस्थानातील बायकामुलांच्या मृत्यूविषयी त्यात तिने वाचले, आणि चांगला चाललेला व्यवसाय सोडून १९२० साली ती आंध्रातील गुंटूर येथे येऊन मठवासिनी झाली. रोमने तिला वैद्यकी चालविण्याची खास परवानगी दिली. १९४३ साली तिच्याच पुढाकाराने कॅथलिक रुग्णालयांचा अखिल भारतीय संघ निघाला. आज त्याच्या छायेखाली साडेतीन हजारांवर संस्था आहेत. १९५७ साली ती बंगळूर येथे निवर्तली, आणि २०१३ साली ख्रिस्तसभेने तिला 'ईश्वरसेविका' ही पदवी दिली.

आपल्या मराठी माणसांना ह्यात नवल वाटू नये. डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांची कथा शाळेत सर्वांनीच ऐकली आहे. गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापले गेले होते, आणि अमेरिकेतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत ते सहज चाळले. त्या परक्या बाईने आनंदीबाईंना आपल्या घरी मुलीप्रमाणे ठेविले, म्हणून १८८६ साली फिलाडेल्फियाची पदवी त्यांच्या हाती आली. रोझेल गावात तेव्हा कोणाचे घर गळत नव्हते काय?

आणि आपली स्वतःची गोष्ट. आपणांपैकी कितीएक कुटुंबे मूळची त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील. तेथील मिशनच्या शाळा उभारणारे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू होते. १९०३ साली मराठीत 'निरोप्या' मासिक काढणारे हेन्री डोरिंग हेही जर्मनच. त्या शाळांना लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग कोठून येई? जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथील खेड्यापाड्यांतील देवळांतून, रविवारच्या मिस्सेला टाकलेल्या लहान नाण्यांतून. त्या नाणी टाकणाऱ्यांनी आपल्या आजोबांचे नाव ऐकले नव्हते. त्यांचीही छपरे पावसाळ्यात गळत असतील, आणि तिकडे तर बर्फही पडते.

दूरच्या दानात फसगतीही होतात, आणि त्या झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. पेटीच्या मंडळीने पंचवीस वर्षांत सात मुलींना शिकविले. पाच जणी काम करीत आहेत. एक मुलगी दुसऱ्याच वर्षी शिक्षण सोडून घरी गेली. एक शिकून मोठ्या शहरी गेली आणि तिचे पुन्हा पत्र नाही. आमच्या स्वतःच्या पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात घरोघरची उरलेली औषधे गोळा करून एक मोठे खोके भरविले. पाठविण्यापूर्वी एका भगिनीने ते उघडून पाहिले तो निम्म्या औषधांची मुदत संपलेली, आणि उरलेल्यांपैकी बरीच खोकल्याची. तिने आम्हांला शांतपणे विचारले, "फादर, हे तुम्ही तुमच्या आईला द्याल का?" ते खोके गेले नाही. तेव्हापासून आम्ही वस्तू पाठविण्याच्या भानगडीत पडत नाही. तिकडून जे मागतील त्याचाच विचार करतो, आणि ते बहुधा फी मागतात.

एक दुसरी चूक अधिक जड आहे. वीसएक वर्षांपूर्वी आम्ही देशावरच्या एका खेड्यात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील एका शेतमजुराची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाचा अर्ज भरून आमच्याकडे आली. हाताशी थोडा पैसा होता, पण हिवाळा तोंडावर आला होता आणि आम्ही कांबळी वाटण्याचे ठरविले होते. कांबळी वाटताना लोक आशीर्वाद देतात, तेही मनाला गोड वाटते. आम्ही तिच्या बापाला म्हटले, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. त्यानंतर दोन वर्षांनी घराला आशीर्वाद देण्यास आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा कडेवर मूल घेऊन तिने ट्रंक उघडली आणि तो अर्ज काढून दाखविला. घडी जशीच्या तशी होती. "फादर, ह्याला मुदत असते का हो?" असे तिने विचारले. कांबळी तोवर फाटून गेली होती. त्या गावाहून जवळचा दवाखाना तेव्हा चौदा मैलांवर होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली गरोदरपणात व बाळंतपणात जगभर सुमारे २,६०,००० स्त्रिया दगावल्या. त्यांपैकी दहांतील सात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. त्या मरतात त्या बहुतेक जुन्याच कारणांनी: अतिरक्तस्रावाने, जंतुदोषाने, रक्तदाब चढून झटके आल्याने. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले तर योग्य औषध योग्य क्षणी टोचावे लागते. त्याला मोठे यंत्र लागत नाही, पण ते ओळखणारी आणि रात्री दोन वाजता उठून येणारी शिकलेली सुईण लागते. तो खेड्यातला दवाखाना आज एका वृद्ध धर्मभगिनीवर चालला आहे. तिची दृष्टी मंद झाली आहे, असे पत्रात लिहिले आहे; तिनेच लिहविले आहे.

पडवीविषयी आम्ही बेफिकीर आहोत असे कोणी समजू नये. सुताराने येऊन पाहिले आहे. दोन वासे कुजले आहेत, बाकीचे धड आहेत. ताडपत्री घातली तर हा पावसाळा निभेल, असे त्याचे मत पडले. लग्ने मे महिन्यात होतात, तेव्हा नवरानवरी भिजण्याची भीती नाही. प्रेतयात्रा मात्र काळवेळ पाहत नाहीत. त्या दिवशी छत्र्या धराव्या लागतील. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी पाहुण्यांना ताडपत्री दिसेल, हे खरे. आम्हांलाही ती आवडणार नाही.

पेटीच्या नियमाप्रमाणे हा निर्णय एकट्या धर्मगुरूचा नाही, आणि तो नियम आम्ही मोडणार नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पेटीची मंडळी धर्मशिक्षणाच्या खोलीत बसेल. ज्यांना बोलावयाचे असेल त्यांनी यावे, विरोध करावयाचा असेल त्यांनी तर अवश्य यावे. आमच्या त्या वडीलधाऱ्या बंधूंना आम्ही स्वतः घरी जाऊन बोलावून आलो आहोत. त्यांनी पत्र मागितले. चष्मा लावून दोनदा वाचले आणि मुलीच्या बापाचा धंदा काय, असे विचारले. शेतकरी आहे, असे आम्ही सांगितले.

तिकडील शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, करिता महिनाअखेरीस उत्तर गेले पाहिजे. अर्जावर धर्मग्रामाच्या वतीने दोन सह्या लागतात. एक आम्ही केली आहे. दुसरी जागा मोकळी आहे, आणि ती कोणी भरावी असे आमच्या मनात आहे ते आपल्याला कळलेच असेल.